लॉग होम अजून खाली बसतंय, बाथरूमच्या टाइल्सची कड कशी संपवायची?

सम्या_एलिजेवाला:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा. आम्ही राहतो अमेरिकेत कमिंगला, अटलांटाच्या वर, आणि यंदा नॉर्थ जॉर्जियात एलिजेजवळ एक लॉग होम, म्हणजे ओंडके आडवे एकावर एक रचून केलेलं घर, घेतलं. म्हणजे अर्धवट बांधलेलं घेतलं, आधीच्या मालकाने भिंती उभ्या केल्या, छप्पर टाकलं, आतलं थोडंफार काम सुरू केलं आणि मग त्याची बदली झाली की काय, विकून मोकळा झाला. भाव बरा मिळाला म्हणून आम्ही घेतलं. ईस्टर्न व्हाइट पाइनचे डी-लॉग आहेत, बाहेरून गोल आतून सपाट, फक्त दोन लॉगच्या जोडावर व्ही आकाराची खाच, एकेक लॉग साधारण साडेसात इंच उंच. किल्नमधे म्हणजे भट्टीत वाळवलेले नाहीत, हवेवर वाळवलेले. किटबरोबर आलेल्या कागदांत लिहिलंय की भिंतीच्या दर फुटाला तीन अष्टमांश इंच बसण्यासाठी, म्हणजे लाकूड वाळून भिंत खाली येते त्यासाठी, जागा सोडा. भिंती उभ्या राहून दीड वर्ष झालं असेल पण पहिल्या हिवाळ्यात हीटिंगच नव्हतं, गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा घर नीट गरम झालं.

आता मुद्द्याचं. खालच्या बाथरूममधे टब तीन भिंतींच्या कोनाड्यात आहे. दोन आखूड भिंती स्टडच्या, म्हणजे उभ्या लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याच्या, आणि मागची लांब भिंत म्हणजे थेट बाहेरची लॉगची भिंत, तिच्यात जमिनीपासून चार फुटांवर छोटी खिडकी. आधीच्या मालकाच्या माणसाने लॉगवरच सिमेंट बोर्ड स्क्रूने पिळून टाकला आणि खालून काही ओळी टाइल लावून काम सोडलं. त्या टाइल्समधे आता आडव्या भेगा दिसायला लागल्यात, बरोब्बर जिथे मागे दोन लॉगचा जोड येतो तिथेच. आणि कोपऱ्यात जिथे आखूड भिंतीवरच्या टाइल लॉगला टेकतात तिथे फटीत भरलेला ग्राउट भुसभुशीत होऊन पडलाय, दोन टाइल्सच्या कडांचे टवके उडालेत.

मी इथला एक टाइलवाला बोलावला, तो म्हणतो काही नाही, आखूड भिंतीच्या शेवटच्या टाइल लॉगच्या खाचाखाचांच्या आकारात कापून घट्ट बसवतो, वर चांगला ग्राउट भरतो, बाहेरच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी लावतो, सुंदर दिसेल. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. पट्टी लावू, गोल कडेची बुलनोज टाइल लावू, सिलिकॉन भरू की लाकडाची पट्टी मारू? स्वयंपाकघरात ओट्यामागे पण टाइल लावायच्यात, तिथेही मागे लॉगच आहे. दिवाळीनंतर आई-बाबा येणारेत तेव्हा निदान एक बाथरूम चालू पाहिजे.

चहाबाज:

सिलिकॉन मार आणि झोप. फटीत भरायच्या सीलंटने जगातले सगळे प्रश्न सुटतात.

एस्पोकर:

चहाबाज, इथे नाही सुटणार, खाली हिशोब देतो.

सम्या, मी फिनलंडमधे एस्पोला असतो. इकडे लॉगची घरं म्हणजे कौतुकाची गोष्ट नाही, रोजचं बांधकाम आहे, आमचं स्वतःचं घर लॅमिनेटेड लॉगचं आहे आणि घर बसणं या विषयावर इथला प्रत्येक सुतार तासभर बोलू शकतो. तुझा प्रश्न पट्टी कुठली असा आहे, पण पट्टीचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी हे ठरव की टाइल कोणाची, जमिनीची की लॉगची. कारण या दोन गोष्टी वेगवेगळ्या हलतात.

लाकूड वाळलं की जाडी-रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. व्हाइट पाइनचा ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंतचा आकडा त्रिज्येच्या दिशेने २ टक्क्यांच्या आसपास आणि वर्तुळाच्या दिशेने ६ च्या आसपास, लांबीत मात्र ०.१ ते ०.२. लॉगच्या भिंतीत सगळं लाकूड आडवं पडलेलं असतं, म्हणजे प्रत्येक लॉग उंचीत बारीक होतो आणि सगळ्यांची बेरीज वर जाऊन जमा होते. स्टडची भिंत उभ्या लाकडाची, ती जिथल्या तिथे राहते. म्हणून जमिनीलगतचा लॉग जेमतेम हलतो, कमरेइतक्या उंचीवरचा जरा जास्त, आणि छताजवळचा सगळ्यात जास्त. तुझ्या कागदांतला आकडा धरला तर ८ फुटाला ३ इंच. तीन इंच! कुठलं ग्राउट आणि कुठला गोंद हे धरून ठेवणार?

तुझ्या टाइल्सना आडव्या भेगा का पडल्या ते यातच आलं. साडेसात इंचाचा लॉग तीन टक्के आकसला की पाव इंचाच्या जवळपास कमी होतो. बोर्डाचे स्क्रू तीन-चार लॉगमधे गेलेत, ते लॉग एकमेकांच्या जवळ येतायत आणि बोर्ड काही आकसत नाही, तो मधल्या मधे चेपला जातोय. अजून एक हिवाळा गेला की टाइल्स पोट काढून बाहेर येतील. ती लांब भिंत तुला काढावीच लागेल, त्याला इलाज नाही, वाईट वाटून घेऊ नको.

आणि तुझ्या टाइलवाल्याची आयडिया, लॉगच्या खाचांच्या आकारात टाइल कापायची, ही न बसणाऱ्या घरात एक नंबर दिसते. बसणाऱ्या घरात आज जी टाइल खाचेत बरोब्बर जाते तिच्यासमोर उद्या लॉगचा सपाट भाग येणार, आणि टवका उडणार टाइलचाच, लॉगचा नाही. कोपऱ्यात तुला जे दिसतंय ते नेमकं हेच आहे, हाच प्रकार तो नव्याने आणि जास्त सफाईने करून देणारे.

इकडे पद्धत अशी की ओल्या जागेत टाइल लॉगला लावतच नाहीत. लॉगच्या भिंतीपुढे थोडी फट सोडून स्टडची दुसरी भिंत उभी करतात. ती जमिनीवर उभी असते, छताला टेकत नाही, आणि लॉगला धरलेली असते ती फक्त लांबट खाच असलेल्या पत्र्याच्या ब्रॅकेटने, म्हणजे ती पुढे पडत नाही पण लॉग तिच्यामागून खाली सरकू शकतो. टाइलची भिंत म्हणजे खोलीत उभं केलेलं कपाट समज. कपाट आपण भिंतीत चिणून टाकत नाही ना.

ब्रॅकेट लावताना एक गोष्ट सगळे चुकवतात. खाच असते स्टडकडच्या पत्र्यात आणि स्क्रू जातो लॉगमधे. स्क्रू खाचेच्या मधोमध नाही, वरच्या टोकाला ठेवायचा, कारण लॉगबरोबर तो खालीच जाणार आहे. आणि करकचून आवळायचा नाही.

आता चहाबाजसाठी सिलिकॉनचा हिशोब. जोड १२ मिमी रुंद ठेवला आणि सीलंट २५ टक्के ताण सहन करणारा घेतला तर तो तिरका ताणून १५ मिमी होऊ शकतो, म्हणजे भिंत घसरायला मिळाली फक्त ९ मिमी. ५० टक्केवाला घेतला तरी १३ मिमी. दोन बोटं पण नाही. जमिनीलगत ठीक आहे, खांद्याच्या उंचीवर तो फाटणार म्हणजे फाटणार.

सम्या_एलिजेवाला:

बाप रे. धन्यवाद, हेच खटकत होतं मला. पण मग मागे भिंत उभी केली की टब चार इंच पुढे घ्यावा लागेल? टब बसवलाय पण ड्रेन अजून जोडलेला नाही, प्लंबरने तारीख दिली नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा प्लंबर उशिरा आल्याचा आनंद होतोय.

मिनेसोटाची_माई:

मी थोडं थंड पाणी ओतते. आमची पण एक केबिन आहे डुलुथच्या वरच्या बाजूला, आणि सगळीच लॉगची घरं तीन-तीन इंच बसत नाहीत हो. किल्नमधे नीट वाळवलेला माल असेल तर फुटाला एखादं अष्टमांश इंच धरा, कधी तेवढंही नाही. कागदावरचा आकडा म्हणजे सोडायची जागा, घर तितकं बसेलच असं नाही, कंपनी स्वतःची कातडी वाचवायला जरा जास्तच लिहिते. शिवाय जॉर्जियात हवा दमट, उन्हाळ्यात लाकूड परत थोडं ओलं होतं. आमच्याकडे जानेवारीत घरातली हवा इतकी कोरडी की लोणच्याच्या बरणीचं झाकण पण आकसेल.

एस्पोकर म्हणतात ते तत्त्व म्हणून शंभर टक्के मान्य. पण भिंत पाडण्याआधी मोजा तरी, घर किती बसलंय आणि किती उरलंय. दरवाजाच्या वरची पट्टी काढा, तिच्यामागे चौकट आणि वरचा लॉग यात मुद्दाम सोडलेली फट असते, तिथे मऊ इन्सुलेशन भरलेलं असेल. फट आता किती आहे ती मोजा, ड्रॉइंगवर किती होती ते बघा, वजाबाकी करा. खिडकीवर नका मोजू, खिडकी तिच्या खालच्या लॉगवर बसून त्याच्याबरोबर खाली जाते, तिथली फट फक्त खिडकीच्या उंचीपुरतं सांगते. दरवाजा जमिनीपासून सुरू होतो म्हणून दरवाजा. आणि त्या फटीत मऊ लोकरीऐवजी कडक स्प्रे फोम सापडला तर आधी तो कोरून काढा, नाहीतर सगळा भार चौकटीवर येऊन दार अडकेल.

अजून एक, तुमच्या त्या आखूड भिंती वरती छताला टेकल्यात का? त्या जर घट्ट ठोकलेल्या असतील तर टाइल राहू द्या बाजूला, अख्खं छप्पर त्या दोन भिंतींवर येऊन बसेल आणि बाकीचे लॉग लटकतील. आयसीसी ४०० म्हणून लॉगच्या घरांसाठी इंटरनॅशनल कोड कौन्सिलचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्यात हा बसण्याचा विषय येतो, तुमच्या काउंटीच्या इन्स्पेक्टरला विचारून बघा.

सम्या_एलिजेवाला:

माई, मोजलं. शनिवारी वर गेलो होतो. ड्रॉइंगवर दरवाजाच्या वर अडीच इंच, आता उरलंय दीड. म्हणजे एक इंच बसलं. आत लोकरच आहे, फोम नाही, देव पावला. आखूड भिंतींच्या वर पण मोकळी जागा आहे, आणि वरच्या पट्टीत मोठी भोकं पाडून त्यातून लांब स्क्रू छतात गेलेत, हात लावला तर स्क्रू भोकात सैल आहे. म्हणजे ज्याने सांगाडा केला त्याला अक्कल होती, टाइलवाला वेगळा असणार.

साइटवरचा_संत्या:

पुण्यात साइट सुपरवायझर आहे, लॉगचं घर फक्त फोटोत बघितलंय, पण टाइलच्या कडांमधे आयुष्य चाललंय म्हणून लिहितो. आमच्या मिस्त्रीच्या भाषेत सांगतो, एक इंच म्हणजे आठ सूत. फुटाला तीन सूत बसणार होतं, अडीचातला एक इंच बसून झाला म्हणजे पाचातले दोन भाग झाले तीन राहिले, तर फुटाला साधारण पावणेदोन सूत शिल्लक धरा. ८ फुटाच्या छताला चौदा-पंधरा सूत, पावणेदोन ते दोन इंच. चार फुटावरच्या खिडकीला सात सूत. आणि एस्पोकर साहेबांचं ९ मिमी म्हणजे जेमतेम तीन सूत, ते दीड-पावणेदोन फुटाच्या उंचीवरच संपतं. म्हणजे स्कर्टिंग आणि टबची कड इथपर्यंत सिलिकॉन चालेल, त्याच्यावर विसरा.

आता कड. पुढे स्टडची भिंत उभी केलीत की कोनाड्याच्या आतले दोन्ही कोपरे स्टडला स्टड असे होतात, तिन्ही भिंती जमिनीवर उभ्या, एकमेकींच्या तुलनेत कोणी हलत नाही. तिथे साधा आतला कोपरा, ग्राउट नको, ग्राउटच्याच रंगाचा सिलिकॉन, मागे बॅकर रॉड, म्हणजे फोमची दोरी, घाला म्हणजे सिलिकॉन दोनच बाजूंना चिकटेल, तीन बाजूंना चिकटला की ताण खात नाही. म्हणजे शॉवरच्या आत टाइल लॉगला भेटतच नाही, तुमचा अर्धा प्रश्न तिथेच संपला.

राहिली बाहेरची कड, जिथे टाइलवाली भिंत संपते आणि लॉग परत दिसायला लागतो. तिथे भिंतीची चार इंच जाडी उघडी पडणार. टाइल पुढून वळवून त्या जाडीवर घ्या आणि कोपऱ्याला धातूचं प्रोफाइल, म्हणजे कडेची पट्टी, लावा. इकडे सगळ्यांना जॉलीचं वेड, दोन्ही टाइल ४५ डिग्रीत घासून मिटवायच्या, दिसतं झकास, पण ती धार म्हणजे नखाएवढी जाड राहते, बादली लागली की टवका. हलणाऱ्या घरात तर नकोच. प्रोफाइल टाइल लावतानाच बसवावं लागतं, त्याचा भोकांचा पाय टाइलच्या खाली अॅडेसिव्हमधे जातो, नंतर आत सारता येत नाही. आणि जाडी मोजून घ्या, ८ मिमीची टाइल असेल तर ८ चं प्रोफाइल आणून कपाळाला हात लावणारे लोक बघितलेत, खाली अॅडेसिव्हचा थर पण धरावा लागतो, दहाचं आणा. बाथरूम आहे तर स्टेनलेस घ्या किंवा अॅनोडाइज्ड, साधा अॅल्युमिनियम सिमेंटमधे काळा पडतो.

जाडीवर घेतलेली टाइल लॉगच्या अर्धा इंच अलीकडे थांबवा, तिथेही प्रोफाइलनेच संपवा. लॉगला लावू नका. ती फट काळी दिसू द्या, नाहीतर एस्पोकर सांगतील तिथे काय करतात.

एस्पोकर:

संत्या भाऊ, तुम्ही लॉगचं घर न बघता सगळं बरोबर सांगितलंत. त्या फटीत इकडे दोन प्रकार बघितलेत. एक म्हणजे तशीच सोडायची, आत गडद रंगाची लोकरीची दोरी दाबून. दुसरा, लाकडाची एक उभी पातळ पट्टी, ती स्टडच्या भिंतीला स्क्रूने पक्की आणि लॉगवर नुसती टेकलेली. डी-लॉग आतून सपाट म्हणजे पट्टी सरळ धारेची ठेवायची, खाचांच्या आकारात कोरायची नाही. दोन लॉगमधल्या व्ही आकाराच्या खाचा पट्टीमागे दिसतील, दिसू देत, त्या खाली सरकत राहतील आणि कोणाला कळणार पण नाही. पट्टीला एकच मालक, ती दोन्हीकडे ठोकली की मोडलीच.

वरची कड विसरू नका, तिथेच सगळ्यात जास्त सरकतं. सम्या, नवीन भिंत छताच्या दोन इंच खाली संपव, वरती अजून अर्धा इंच ठेवलास तर माझी हरकत नाही. ती फट झाकायला एक रुंद पट्टी छताला ठोकायची, ती टाइलच्या पुढे लोंबती राहते आणि घर बसेल तशी टाइलवरून खाली सरकते. म्हणून वरच्या एक-दोन ओळी एकदम सपाट पाहिजेत. बायको म्हणेल वर पेन्सिल बॉर्डर लावू, नक्षीची टाइल लावू, तर ती पट्टीच्या वाटेत येणार. नक्षी खाली घ्या. शॉवरच्या काचेचं पण तेच, काच जमिनीवर किंवा टबवर आणि टाइलच्या भिंतीवर धरायची, छताला तिचा रॉड बांधायचा नाही.

स्टड आणि लॉगच्या मधे अर्धा इंच फट सोड आणि ती खालीवर बंद करू नकोस, लॉगला वाळायला हवा लागते. वॉटरप्रूफिंग टाइलच्या मागच्या बोर्डावर, लॉगला प्लास्टिक गुंडाळायचं नाही, तुमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

मिनेसोटाची_माई:

दीड इंच उरलंय म्हटल्यावर मी माझं थंड पाणी मागे घेते. हे घर कागदाप्रमाणेच बसतंय असं दिसतंय.

पण खिडकी! टबच्या वरच्या खिडकीचं कोणीच बोललं नाही. खिडकी लॉगची आहे, ती अजून सात सूत खाली जाणार, आणि नवीन टाइलची भिंत जागच्या जागी. म्हणजे खिडकीच्या खालच्या काठावर जर टाइल लावून पक्की केली तर खिडकी त्या टाइलवर बसेल आणि फोडेल, आणि फुटली की शॉवरचं पाणी सरळ लॉगमधे. मी असं एक बाथरूम बघितलंय, बाहेरून लॉगला बोट लावलं तर आत जात होतं. ही माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात महागडी कड आहे.

मला दोन मार्ग दिसतात. एक, टाइलच्या भिंतीतलं भोक खिडकीपेक्षा मोठं ठेवायचं, खिडकीला आतून पीव्हीसीचं चौकोनी खोकं जोडायचं, त्याचा खालचा ओठ टाइलच्या पुढे येऊन टाइलवरून खाली सरकेल असा, आणि ओठामागे खाली इंच-सव्वा इंच मोकळं. हे होतं, पण शॉवरच्या फवाऱ्यात ते कायम कोरडं राहील यावर मी पैज लावणार नाही. दुसरा, जो मी करेन, टाइलच्या भिंतीतच खिडकीसमोर एक दुधी काच पक्की बसवून टाकायची, टाइलबरोबर तीही जागची हलणार नाही, उजेड येतो, पाणी अडतं, आणि मागे लॉगची खिडकी काय नाचायचं ते नाचू दे. उघडता येणार नाही त्यामुळे एक्झॉस्ट पंखा चांगला घ्या. काच मागून पुसायला बाहेरून खिडकी उघडेल एवढं बघा म्हणजे झालं.

रानातला_सुतार:

राजापूरकडचा आहे. तुमचं वाचून मजा वाटली, आमच्याकडे जुनं घर खांब-तुळईवर, खांब फणसाचा नाहीतर ऐनाचा, उभा, त्यामुळे उंचीत आकसायचा प्रश्न नाही, आणि चिऱ्याची भिंत खांबांच्या मधे आपली आपण उभी. भिंत पडली तरी छप्पर राहतं. तुमचं उलटं, भिंतच छप्पर धरून आहे.

म्हणून एक विचारतो. घरात मधे कुठे उभे खांब आहेत का, किंवा पुढच्या पडवीला? त्यांच्याखाली स्क्रूचा जॅक असायला हवा, भिंती खाली येतील तसा तो सैल करत जायचा. नाही केला तर भिंतीकडची बाजू खाली आणि खांबाकडची वर, मधल्या तुळया तिरक्या, आणि वरच्या मजल्यावर जर फरशी असेल तर तिला चीर जाणार. टाइलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही मग.

सम्या_एलिजेवाला:

काका, आहेत. हॉलमधे दोन आणि पडवीला चार, खाली लाकडी खोका आहे तो सजावटीचा वाटत होता, उघडून बघितला तर आत जॅक! गेल्या दीड वर्षात कोणी हात लावलेला दिसत नाही, नटावर कोळ्याचं जाळं. वर फक्त लाकडी फ्लोअर आहे, टाइल नाही.

रानातला_सुतार:

मग आधी ते. एकदम सोडू नका, सगळे खांब थोडे थोडे, एका खांबाला एक फेरा, मग दुसऱ्याला, परत पहिल्याला. लेव्हल नळी लावून बघत जा. भीती वाटत असेल तर तिकडचा लॉगचा माणूस बोलवा, टाइलवाला नको. बाथरूमचं काम त्यानंतर.

नागपुरी_संत्रं:

अन् ओट्याचं राहिलं नं बाप्पा, विचारलं होतं त्यानं.

एस्पोकर:

हो, ओटा. खालची कपाटं जमिनीवर उभी, ती हलत नाहीत, ओटापण नाही. वरची कपाटं मात्र लॉगला टांगलेली असतात, म्हणजे ती लॉगबरोबर खाली येणार. साडेचार फुटावर खालची कड असेल तर उरलेल्या हिशोबाने एक इंच खाली. मधल्या टाइल्स जर वरच्या कपाटाला भिडवल्या तर कपाट त्यांच्यावर बसेल. टाइल लॉगवर नाही, प्लायवर सिमेंट बोर्ड चिकटवून तो पॅनेल ओट्यावर उभा कर, वर एक-दोन खाचेच्या ब्रॅकेटने लॉगला सैल धर, आणि पॅनेल वरच्या कपाटाच्या सव्वा इंच खाली संपव. वरची कड त्या संत्या भाऊंच्या प्रोफाइलने. ओटा आणि टाइल यांच्या जोडाला ग्राउट नको, सिलिकॉन, दोघंही जागचे असले तरी ओटा थोडा लवतो. जिथे वर कपाट नाही तिथे लाकडाची चिंचोळी फळी पॅनेलवर बसव, लॉगला टेकू दे पण ठोकू नको. हळद-मीठाच्या डब्या ठेवायला होईल.

साइटवरचा_संत्या:

जमिनीच्या टाइल्सचं पण एक वाक्य, कडेला लॉगपासून पाव इंच मोकळं सोडा, वर स्कर्टिंगने झाकलं जातं. टीसीएनए म्हणजे टाइल कौन्सिल ऑफ नॉर्थ अमेरिका, त्यांच्या हँडबुकात ईजे१७१ म्हणून डिटेल आहे, त्यात हेच आहे, कडेला आणि जिथे टाइल दुसऱ्या मटेरियलला भेटते तिथे लवचिक जोड. तुमच्या टाइलवाल्याला तो नंबर दाखवा, आपल्या तोंडाने सांगितलं तर तो ऐकणार नाही, अमेरिका असो नाहीतर आंबेगाव, मिस्त्री सगळीकडे मिस्त्रीच.

सम्या_एलिजेवाला:

मंडळी काय बोलू. तर ठरलं असं, आधी जॅक, त्यासाठी लॉगवाला माणूस शोधलाय. मग लांब भिंत सोलायची, टब पुढे, स्टडची भिंत, खिडकीसमोर दुधी काच. हिचं म्हणणं पेन्सिल बॉर्डर पाहिजेच, तर ती कमरेच्या उंचीवर घेतो. दिवाळीनंतर आई-बाबा येतील तेव्हा हे बाथरूम होईल असं वाटत नाही, त्यांना वरचं शॉवर वापरायला लावू.

एक शेवटचं, जुन्या टाइल्स बोर्डावरून काढून परत वापरता येतील का? गॅरेजमधे तीन खोकी न फोडलेली आहेत पण आता जाडीवर वळवायच्या म्हटल्यावर कमी पडतील.

साइटवरचा_संत्या:

नका वापरू, मागचा सिमेंट घासत बसाल आणि निम्म्या फुटतील. त्यापेक्षा स्क्रू उघडे करून बोर्ड टाइलसकट उतरवा, लॉगची नासधूस पण कमी होते. लॉगला स्क्रूची भोकं राहतील ती नवीन भिंतीमागे जाणार, कोण बघतंय. खोक्यावर शेड नंबर आणि बॅच नंबर छापलेला असतो तो फोटो काढून दुकानात दाखवा. तीच बॅच मिळाली नाही तर नवा माल जाडीवर आणि वरच्या पट्टीखालच्या ओळीला घाला, समोरासमोर जुना-नवा येऊ देऊ नका, रंगाचा फरक वळणावर दिसत नाही.